विमानाच्या खिडकीतून रात्रीची धावपट्टी: सीट निवडण्यापासून एडिटिंगपर्यंत

रात्रीच्या धावपट्टीचा फोटो काढू पाहणाऱ्या प्रवाशाची अडचण अशी की धावपट्टी असते विमानाच्या नाकासमोर आणि खिडकी असते बाजूला. वैमानिकाला दिसणाऱ्या दिव्यांच्या त्या दोन समांतर रांगा सरळ उतरणाऱ्या विमानातल्या प्रवाशाला दिसतच नाहीत. बाहेर घरांचे पत्रे, मग कुंपण, मग गवत, आणि धाडकन चाकं टेकतात. बरेच जण इथेच नाद सोडतात आणि पंखाच्या टोकाचा फोटो काढून गप्प बसतात. पण विमान वळतं तेव्हा हीच खिडकी धावपट्टीकडे तोंड करते. त्यामुळे पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी मिळवायची.

आधी परवानगीचं बघा

भारतात नियमित प्रवासी विमानातून फोटो काढायला प्रवाशाला मुभा आहे. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी उड्डाण महासंचालनालयाच्या, २००४ सालच्या परिपत्रकात ती उड्डाण आणि उतरण्याच्या वेळेसाठीही दिली होती, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती पुन्हा स्पष्ट केली गेली. संरक्षण दलांच्या विमानतळांना मात्र ही मुभा लागू नाही. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. तिथे कॅमेरा बॅगेतच राहू द्या. मे २०२५ मध्ये डीजीसीएने अशा विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, १० हजार फुटांच्या खाली असताना खिडक्यांची झाकणंच बंद ठेवायला सांगितलं होतं. गोव्यात हा छंद पुरवायचाच असेल तर मोपा आहे, ते नागरी विमानतळ.

केबिन क्रूने फोन खाली ठेवा म्हटलं तर ठेवायचा, वाद घालायचा नाही. मोठा कॅमेरा उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी बहुधा आत ठेवायला सांगतातच, म्हणून प्रत्यक्षात आपलं हत्यार म्हणजे फ्लाइट मोडवरचा फोन किंवा हातात मावणारा छोटा कॅमेरा.

सीट कोणती

मुंबईचंच उदाहरण घेऊ. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, ०९/२७ आणि १४/३२. प्रत्येक टोकाला एक आकडा. आकड्याला दहाने गुणलं की दिशेचे अंश मिळतात. २७ म्हणजे २७० अंश, तोंड पश्चिमेला. समुद्रावरून वारा येतो आणि विमानं वाऱ्याकडे तोंड करून उतरतात-उडतात, म्हणून बहुतेक वेळा विमानं २७ वरच उतरतात आणि उडतात. म्हणजे उतरणारं विमान पूर्वेकडून, ठाणे-नवी मुंबईच्या अंगाने येणार. दिल्लीकडून आलेलं विमान दक्षिणेला जात जात शेवटी पश्चिमेला, म्हणजे उजवीकडे वळेल, तेव्हा उजवी खिडकी घ्यायची. बंगळूर किंवा चेन्नईहून येणारं बहुधा डावीकडे वळेल, तिथे डावी. या वळणावर धावपट्टी अजून दूर असते आणि शहराच्या पिवळट पसाऱ्यात एक बारीक रेघ म्हणून दिसते. उडताना विमान समुद्रावर जातं आणि दक्षिणेला जायचं असेल तर डावीकडे वळतं. तेव्हा मागे राहिलेला विमानतळ डाव्या खिडकीत येतो.

तुमच्या गावच्या विमानतळाचं गणित वेगळं असेल. विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ वर त्याच फ्लाइटचा मागच्या काही रात्रींचा मार्ग बघा आणि कोणत्या बाजूला वळतं ते नोंदवून मग सीट बुक करा. वारा फिरला तर सगळं उलटं होतं, त्याला इलाज नाही.

रांग निवडताना पंख टाळा. एअरबस ए३२० मध्ये पहिल्या सात-आठ रांगा उत्तम. अगदी मागेही पंख आड येत नाही, पण इंजिनातून निघालेल्या गरम हवेमुळे दिवे थरथरल्यासारखे दिसतात. एटीआर ७२ हे पंख्याचं छोटं विमान मिळालं तर मात्र आनंद माना, त्याचे पंख वर असल्याने खालचं दृश्य मोकळं असतं.

तो एक क्षण

हवेतल्या फोटोपेक्षा मला जमिनीवरचा एक फोटो अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. उड्डाणाआधी विमान टॅक्सीवेवरून (धावपट्टीपर्यंतच्या जोडरस्त्यावरून) येऊन धावपट्टीवर शिरतं तेव्हा बहुतेक ठिकाणी ते काटकोनात शिरतं. त्या काही सेकंदांत बाजूची खिडकी थेट धावपट्टीच्या लांबीवर रोखलेली असते, दोन-तीन किलोमीटर दिवेच दिवे. मग विमान वळून सरळ होतं आणि खेळ संपतो. इथेही विमान ज्या बाजूला वळणार ती, म्हणजे आतलीच बाजू लागते. वेगही अगदी कमी असतो, त्यामुळे शटर जरा मंद, म्हणजे जास्त वेळ उघडं, ठेवता येतं. ‘केबिन क्रू, टेक युवर सीट्स’ अशी घोषणा ऐकली की फोन तयार ठेवा. टॅक्सी करताना एखादी धावपट्टी ओलांडावी लागली तर हाच नजारा दोन्ही बाजूंना मिळतो.

काच

विमानाच्या खिडकीला साधारण तीन थर असतात आणि आतला थर ॲक्रिलिकचा असतो, ओरखड्यांनी भरलेला. चढल्याबरोबर मऊ कोरड्या कापडाने तो पुसून घ्या. प्रतिबिंब हा खरा शत्रू. रात्रीच्या उड्डाणात केबिनचे दिवे मंद करतात, ही आपल्यासाठी आयती सोय. तरी शेजाऱ्याचा फोन काचेत चमकतोच. काळं जॅकेट किंवा ओढणी डोक्यावरून खिडकीपर्यंत ओढून घ्या. शेजारी बघतील, बघू दे.

लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या, पण टेकवू नका. टेकवली की विमानाची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. चमक कमी करणारा पोलरायझर फिल्टर असेल तर काढून ठेवा, त्या प्लॅस्टिकमधून इंद्रधनुषी डाग उमटतात. बोइंग ७८७ मध्ये झाकणाऐवजी बटणाने गडद होणारी काच असते, ती पूर्ण उजळ करून घ्या.

कॅमेऱ्याची सेटिंग

फोनचा नाइट मोड आधी बंद करा. तो काही सेकंद अनेक फ्रेम घेऊन जोडतो, आणि तेवढ्यात विमान बरंच पुढे गेलेलं असतं. प्रो मोड उघडा, रॉ (प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) सुरू करा, फ्लॅश बंद, फोकस हाताने अनंतावर. उतरताना विमानाचा वेग सेकंदाला ७० मीटरच्या आसपास असतो. १/६० सेकंदात ते मीटरभराहून थोडं जास्त सरकतं. दोन किलोमीटरवरच्या दिव्याला हे जवळजवळ जाणवत नाही, खिडकीखालून जाणाऱ्या दिव्याची मात्र रेघ होते. म्हणून दूरच्या धावपट्टीसाठी १/६० आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० ते ३२०० पासून सुरुवात करा. मोठा सेन्सर आणि एफ/१.८ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स असेल तर १/१२५ किंवा त्याहून जलद. जमिनीवरच्या त्या काटकोनी क्षणाला १/३० देखील चालून जातं. विमान एका अंगावर कलत असताना नाही, तर कल स्थिर झाल्यावर शटर दाबा आणि सलग पाच-सहा फोटो घ्या, कारण पंखाच्या टोकाचा पांढरा दिवा दर थोड्या वेळाने लखलखतो आणि धुक्यात किंवा ढगात तो फ्रेम धुऊन टाकतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटो अंधारा काढा. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप खाली (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). दिवा जास्त उजळला की त्याचा रंग उडून नुसता पांढरा ठिपका उरतो, आणि तो रंग नंतर कुठल्याही ॲपला परत आणता येत नाही.

रंग का जपायचा, तर धावपट्टीची सगळी भाषा रंगांचीच आहे. कडेचे दिवे पांढरे, जास्तीत जास्त ६० मीटर अंतरावर. मोठ्या धावपट्टीवर शेवटच्या ६०० मीटरला तेच उडणाऱ्याच्या नजरेतून पिवळे होतात. मधल्या रेषेचे दिवे असतील तर शेवटच्या ९०० मीटरला लाल-पांढरे आलटून पालटून आणि अखेरच्या ३०० मीटरला फक्त लाल. सुरुवातीला हिरवी ओळ, शेवटी लाल. टॅक्सीवेच्या कडेला निळे. या दिव्यांची तीव्रता नियंत्रण मनोऱ्यातून कमी-जास्त करता येते, त्यामुळे स्वच्छ रात्री ते मंद असतात आणि कालची सेटिंग आज चालेलच असं नाही.

हवेबद्दल एवढंच की हिवाळ्यात मुंबईवर धुरकं असतं. पाऊस थांबल्यावरची पहिली रात्र, धावपट्टी अजून ओली असताना, सोडू नये.

एडिटिंग

लाइटरूम, स्नॅपसीड किंवा संगणकावर फुकट मिळणारं डार्कटेबल, काहीही चालेल. क्रम महत्त्वाचा. आधी पाच-सहा फोटोंतला सर्वात तीक्ष्ण निवडा, दिव्यावर १०० टक्के झूम करून. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल. शहराच्या दिव्यांनी सगळं नारिंगी झालेलं असतं, ३२०० ते ४००० केल्विनच्या दरम्यान आणलं की आकाश काळं-निळं होतं. त्यानंतर हायलाइट (उजळ भाग) खाली, काळा भाग थोडा आणखी काळा.

नॉइज (अंधारात उमटणारे दाणे) काढताना हात आखडता ठेवा. दूरचा धावपट्टीचा दिवा फोटोत एक-दोन पिक्सेलचाच असतो आणि सॉफ्टवेअर त्यालाच नॉइज समजून पुसून टाकतं. रंगाचा नॉइज बऱ्यापैकी काढा, उजेडाचा ३०-४० च्या पुढे नको. एआयवाली आवृत्ती वापरलीत तर आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून दिवे मोजून बघा.

धुरकटपणा कमी करणारं डीहेझ १० ते २० पुरे, त्याहून जास्त केलं की दिव्यांभोवती घाणेरडी काळी वलयं येतात. नारिंगी रंग स्वतंत्रपणे थोडा फिका केला तर शहर मागे सरतं आणि पांढऱ्या रांगा पुढे येतात. काचेतलं प्रतिबिंब हीलने (डाग पुसणाऱ्या साधनाने) काढा, पण तो ठिपका खराच दिवा नाही ना याची खात्री करून. हिरवे-निळे दिवे भडक करायचा मोह होतो. थोडं चालेल, पण निळ्याचा जांभळा झाला की विमानतळ ओळखणारा माणूस लगेच हसतो.

क्रॉप करताना कडा सोडून द्या, खिडकीच्या वाकलेल्या काचेमुळे तिथले दिवे ताणलेले असतात. क्षितिज तिरकं असेल तर लगेच सरळ करू नका. वळणातला फोटो तिरकाच असतो आणि धावपट्टी कोपऱ्यातून कोपऱ्यात गेलेली छान दिसते. जमिनीवरून काढलेला मात्र काटेकोर सरळ हवा. सेव्ह करताना रॉ फाइल वेगळी ठेवा, आणि फोटोच्या माहितीत विमानतळ, धावपट्टीचा आकडा, विमानाचा प्रकार आणि सीट नंबर लिहून टाका, पुढच्या वेळी तीच खिडकी बुक करता येते.