पीसी चालू होतोय पण डिस्प्ले येत नाही? दुकानात उचलून न्यायच्या आधी हे करून बघा

रात्री नीट बंद केलेला पीसी सकाळी चालू केला, पंखे फिरतायत, आतल्या लाइटी लागल्यात, आणि मॉनिटरवर नुसती नो सिग्नलची पाटी इकडून तिकडे फिरतेय. असं झालं की प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, काय उडालं, ग्राफिक्स कार्ड की मदरबोर्ड? माझं म्हणणं आहे की हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी एवढंच ठरवा की मशीन आतून चालू झालंय आणि फक्त चित्र बाहेर येत नाहीये, की मशीन मुळात चालूच झालेलं नाही. पंखे फिरतायत म्हणजे चालू झालंय असं धरू नका, पंख्याला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो, प्रोसेसर जागा आहे का झोपलाय याच्याशी त्याला काही घेणंदेणं नसतं.

हे ठरवायला काहीही उघडावं लागत नाही. वायरवाला कीबोर्ड लावा, पीसी चालू करून मिनिटभर थांबा आणि नम लॉक किंवा कॅप्स लॉक दाबा. दाबल्यावर कीबोर्डवरचा लाइट लागतोय-विझतोय तर मशीन चालू आहे. स्पीकरमधून विंडोजचा आवाज आला, किंवा वायफाय राउटरच्या यादीत तुमचा पीसी दिसला, तरी तोच अर्थ. लाइट ढिम्म हलत नसेल तर बहुतेक मशीन सुरुवातीलाच कुठंतरी अडकलंय. पहिल्या प्रकारात स्क्रूड्रायव्हरला हात लावायची गरज सहसा पडत नाही, आणि लोक नेमके तिथंच कॅबिनेट उघडून बसतात.

तर आधी पहिला प्रकार. मॉनिटरची पॉवर वायर भिंतीतून काढा, एखादं मिनिट थांबा, परत लावा, नुसतं बटण बंद-चालू करून भागत नाही कारण काही मॉनिटर स्लीपमध्ये जे अडकतात ते वायर काढल्याशिवाय उठतच नाहीत. मग मॉनिटरचं मेनूचं बटण दाबा. मेनू दिसला म्हणजे पॅनल ठीक आहे, आता सोर्समध्ये जाऊन तुम्ही जी केबल लावलीय तेच इनपुट निवडलंय ना ते बघा (घरात लहान मुलं असतील तर हे अगदी आधी बघा). मेनूसुद्धा दिसत नसेल तर अंधार करून स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका मारा, अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलाय आणि पीसीचा काही दोष नाही. लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स तीच केबल वापरून त्याच मॉनिटरला लावून बघितला की मॉनिटर आणि केबल दोन्हींचा निकाल एकदमच लागतो.

आपल्याकडे अजून कितीतरी घरांत जुना व्हीजीए मॉनिटर आणि त्याला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर अशी जोडी चालू आहे. तुमच्याकडे ती असेल तर पहिला संशय त्या कन्व्हर्टरवर घ्या. त्याच्यात एक चिप असते, ती डिजिटलचं ॲनालॉग करते, तापते आणि स्वस्तातला माल असेल तर एक दिवस न सांगता जाते. नवीन आणताना एक गोष्ट सांभाळा, एचडीएमआय ते व्हीजीए आणि व्हीजीए ते एचडीएमआय या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दिसायला सारख्याच असतात, पण उलटी आणली तर चालत नाही.

आता केबल मागं कुठं लावलीय ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागच्या बाजूला डिस्प्लेचे पोर्ट दोन ठिकाणी असतात, वर यूएसबीच्या शेजारी असतात ते मदरबोर्डचे आणि खाली आडव्या पट्टीत असतात ते कार्डाचे. केबल खालच्यात पाहिजे. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या वायरी काढल्या आणि परत लावताना वरच्यात गेली, हा प्रकार दरवर्षी होतो. कार्ड बसवलेलं असलं की बरेच बोर्ड वरचे पोर्ट आपोआप बंद ठेवतात, आणि प्रोसेसर इंटेलचा एफवाला असेल, म्हणजे आय५-१२४००एफ वगैरे, किंवा रायझन ५ ३६००, ५६०० यांच्यासारखा असेल, तर त्यात ग्राफिक्सच नसतं, वरचा पोर्ट कितीही हलवला तरी काही येणार नाही. डिस्प्लेपोर्टवर असाल तर एकदा एचडीएमआय लावून बघा. एनव्हिडियाच्या ९०० आणि १००० सिरीजच्या कार्डांना डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ चा मॉनिटर लावला की विंडोज चालू होईपर्यंत स्क्रीन काळी राहायची तक्रार असायची, त्यासाठी कंपनीने कार्डाच्या फर्मवेअरचं, म्हणजे कार्डातच बसवलेल्या प्रोग्रॅमचं, अपडेटच काढलं होतं.

सुरुवातीला कंपनीचा लोगो दिसतो आणि विंडोज यायच्या वेळी स्क्रीन काळी होते, असं असेल तर हार्डवेअर बहुतेक ठीक आहे, ड्रायव्हरने घोळ घातलाय. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, बीप ऐकू येते. तरी काही नाही तर विंडोजचं चक्र फिरायला लागलं की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की रिपेअरचा निळा स्क्रीन येतो, तिथून सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढून टाका किंवा मागच्या व्हर्जनवर न्या.

आता दुसरा प्रकार, नम लॉक हललाच नाही. इथं कॅबिनेट उघडायचं. भिंतीतला प्लग काढा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेला करंट निघून जातो, कॅबिनेट टेबलावर आडवं करा (गादीवर, ब्लँकेटवर नको) आणि आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. एरवी पीसी चालू असताना कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात असं असेल तर तुमच्या भिंतीतल्या लाइटच्या बोर्डाला अर्थिंग नाहीये, ते इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आज डिस्प्ले परत आला तरी करून घ्या.

आत काहीही करायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एका दमात रॅम पण काढली, सेल पण काढला, कार्ड पण हलवलं आणि पीसी चालू झाला तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही आणि महिन्याभरात परत तेच होतं.

सुरुवात रॅमपासून. पीसी कुणी हलवलाही नाही, उघडलाही नाही आणि अचानक डिस्प्ले गेला, तर माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा हीच निघते, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका, कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांना हे सांगायला नको. दमट हवेत पट्टीच्या सोनेरी पिनांवर थर धरतो आणि कॉन्टॅक्ट जातो. दोन्ही बाजूंचे लॅच उघडून (काही बोर्डांना एकाच बाजूला लॅच असतो) पट्टी सरळ वर काढा, पांढऱ्या खोडरबराने पिनांवर हलक्या हाताने घासा, दोन्ही बाजूंनी, आणि खोडरबराचा कीस ब्रशने नीट झटकून टाका, तो स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर आणखी चांगलं. स्लॉटमध्ये फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आणि थुंकीचे थेंब जातात. मग एकच पट्टी लावा, चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. खाच जुळवायची, दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबायचं आणि लॅच कट्ट करून आपोआप बसला पाहिजे, अर्धवट बसलेली रॅम लांबून एकदम बरोबर बसल्यासारखी दिसते. चालू करून बघा, नाही तर दुसरी पट्टी, नाही तर दुसरा स्लॉट. बोर्ड डीडीआर५ (रॅमची नवीन पिढी) चा असेल, खास करून रायझन ७००० किंवा त्यापुढचा, तर घाई करू नका, रॅम बदलली की हे बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत, म्हणजे नवीन रॅमशी जुळवून घेत, बसतात आणि काही मिनिटं स्क्रीन काळी असते, तेवढ्यात घाबरून बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

रॅमने काम झालं नाही तर बोर्डावरचा सेल, सीआर२०३२, नाण्याएवढा. नवीन सेल ३ व्होल्टचा असतो. आपल्याकडे रात्री भिंतीतल्या बोर्डाचं बटण बंद करूनच झोपायची सवय, मग बायोसचं (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा मदरबोर्डावरचा प्रोग्रॅम) घड्याळ रात्रभर त्या सेलवरच चालतं आणि सेल लवकर उतरतो. आधीपासून तारीख-वेळ चुकीची दाखवत होता का ते आठवा. प्लग काढलेला असताना सेल काढा, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, नवीनच घाला. किंवा बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या दोन पिना असतात, प्लग काढूनच, त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक काही सेकंद टेकवा. याने बायोसची सगळी सेटिंग जातात, म्हणजे रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडने चालवायची सेटिंग) वगैरे परत लावावं लागेल, आणि विंडोज चालू होताना बिटलॉकरची (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) की मागितली तर दचकू नका, ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सेव्ह असते.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर कडेला चार बारीक लाइटी असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (इथं ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज असलेली डिस्क). चालू केल्यावर त्या एकामागून एक लागून विझतात, जी लागून राहिली तिथं घोडं अडलंय, आणि मग अंदाज लावत बसायची गरज उरत नाही. लाइटी नसतील तर बोर्डाच्या स्पीकरच्या पिनांवर लावायचा छोटा बझर आणा, चहा-वड्याच्या पैशात मिळतो. बीपचा अर्थ बोर्डागणिक बदलतो, पण एक लांब आणि पाठोपाठ दोन किंवा तीन छोट्या बीप म्हणजे बऱ्याच बोर्डांवर ग्राफिक्सची तक्रार.

ग्राफिक्स कार्डावर संशय आला तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते आधी बघा. असेल तर काम सोपं, कार्ड पूर्ण काढून ठेवा आणि केबल बोर्डाच्या पोर्टला लावा. डिस्प्ले आला म्हणजे कार्ड, त्याची पॉवर किंवा त्याचा स्लॉट यातलं काहीतरी. कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाचा लॅच दाबायला विसरू नका, तो तोडणारे बरेच भेटतात. परत बसवताना पॉवरच्या वायरी नीट बघा, स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५०, त्यातली एक जरी सैल असली तरी कार्ड पंखा फिरवेल पण चित्र देणार नाही. तसंच प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात ४ किंवा ८ पिनचा वेगळा कनेक्टर असतो, तो निसटलेला असेल तर सगळे पंखे ऐटीत फिरतात आणि डिस्प्ले शून्य. कुणीतरी नुकताच पीसी उघडला असेल तर हा कनेक्टर सगळ्यात आधी बघा. बघता बघता बोर्डावर पाल वगैरे तर नाही ना तेही बघा, हसू नका, उबेला येऊन बसतात आणि शॉर्ट होऊन मरतात.

एसएमपीएसचं, म्हणजे पीसीला पॉवर देणाऱ्या डब्याचं, लक्षण वेगळं असतं. सेकंदभर पंखे फिरून बंद होतात, परत फिरतात, परत बंद, किंवा चारदा बटण दाबल्यावर एकदा चालू होतो. २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी आणि एक काळी वायर क्लिपने जोडून बघायची युक्ती बरेच जण सांगतात, त्यातून एसएमपीएस चालू होतो एवढंच कळतं, लोड घेतो का ते कळत नाही. मल्टिमीटर असेल तर पीसी चालू ठेवून मोलेक्सच्या (चार पिनचा जुना पॉवर कनेक्टर) पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत आकडा पाहिजे. मित्राचा एसएमपीएस आणून लावणं उत्तम, पण त्याच्या स्वतःच्या वायरींसकट. वायरी सुट्या निघणारा असेल तर एका कंपनीच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नका, कनेक्टर बसतो पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असतो आणि हार्ड डिस्क, एसएसडी जळतात. आणि एसएमपीएस उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात.

एवढं करूनही काही नाही तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, त्याला फक्त प्रोसेसर आणि कूलर, एक रॅम, एसएमपीएस, आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड. एसएसडी, हार्ड डिस्क, पुढच्या यूएसबीच्या वायरी, सगळं काढलेलं, बायोसचा स्क्रीन यायला यातलं काहीच लागत नाही. इथं डिस्प्ले आला तर एकेक गोष्ट जोडत जा. पुढच्या यूएसबी पोर्टची आतली पिन वाकून शॉर्ट झाल्यामुळे सगळा पीसी अडलाय, हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

इथंही नाही आला तर बोर्ड किंवा प्रोसेसर, आणि प्रोसेसर क्वचितच जातो. आता खुशाल दुकानात न्या, पण एसएसडी आणि हार्ड डिस्क घरीच काढून ठेवा, डिस्प्लेच्या दुरुस्तीला तुमचा डेटा लागत नाही. रॅम, कार्ड आणि बोर्डाच्या सिरियल नंबरचे फोटो काढून ठेवा. मदरबोर्ड गेलाय असं सांगितलं तर कशावरून, तुमचा प्रोसेसर आणि रॅम दुसऱ्या बोर्डावर चालवून बघितली का, हे विचारा, आणि चालवताना समोर उभं राहून बघा. पैसे द्यायच्या आधी जुनी बिलं शोधा, रॅमला बऱ्याचदा दहा वर्षांची किंवा लाइफटाइम वॉरंटी असते आणि बोर्ड, कार्ड यांना साधारण तीन वर्षांची, आणि ती बॉक्सवर नाही, सिरियल नंबरवर कंपनीच्या साइटवर बघता येते.