कुंकू पुसणारी गाडी: पोर्शेच्या नंतरच्या टर्बोंना हे नाव शोभते का, ते कसे ठरवावे

पोर्शे ९११ टर्बोच्या पहिल्या पिढीला, म्हणजे कारखान्याच्या भाषेतील ९३० ला, इंग्रजीत ‘विडोमेकर’ असे टोपणनाव पडले. मराठीत त्याचा अर्थ सांगायचा तर कुंकू पुसणारी. हे नाव इतके चिकटले की टर्बो (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून त्यात जादा हवा कोंबणारे आणि ताकद वाढवणारे यंत्र) लावलेली आणि मागे पंख असलेली जवळपास कोणतीही ९११ चर्चेत आली की ते तिलाही सहज बहाल केले जाते. एखाद्या नंतरच्या मॉडेलला ते खरोखर शोभते की केवळ मिरवण्यासाठी लावले जाते, हे तपासता येते; मात्र त्या तपासणीत अश्वशक्तीचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

आधी एक घोळ दूर करावा. पश्चिम जर्मनीत हेच नाव स्टारफायटर या लढाऊ विमानाला जर्मन भाषेत मिळाले होते आणि तेथे त्याचा आधार थेट मोजदादीचा होता: हवाई दलाच्या ताफ्यातील जवळजवळ एक-तृतीयांश विमाने अपघातांत गेली. गाडीच्या बाबतीत मात्र हे नाव अपघातांच्या नोंदवहीतून आलेले नाही, तर तिच्या एका विशिष्ट स्वभावावरून पडले आहे. म्हणून पहिले काम म्हणजे मूळ गाडीचा तो स्वभाव नीट समजून घेणे, कारण मापपट्टी तोच आहे.

१९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली आणि १९७५ पासून विक्रीला निघाली. तीन लिटरचे इंजिन, २६० अश्वशक्ती, एकच मोठा टर्बोचार्जर आणि फक्त चार गिअर. इंजिन मागच्या आसाच्याही मागे टांगलेले असल्यामुळे निम्म्याहून बरेच अधिक वजन मागच्या चाकांवर येत असे. टर्बोला सोसावे म्हणून इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण दाबले जाण्याचे प्रमाण, ६.५ इतके कमी ठेवलेले होते. त्यामुळे टर्बो फिरू लागेपर्यंत गाडी एखाद्या साध्या ९११ पेक्षाही सुस्त वाटे.

आता एक वळण डोळ्यांसमोर आणावे. चालक वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर दाबतो आणि काहीच होत नाही, म्हणून तो आणखी दाबतो. चार गिअरांमधील अंतर मोठे असल्याने इंजिनाचे फेरे बहुधा कमीच असतात. क्षण-दोन क्षण जातात आणि मग सगळी ताकद एकदम येते, तीही चाके अजून वळलेली असताना. मागचे टायर सुटू लागतात. घाबरलेला माणूस जे करतो तेच हा करतो: पाय उचलतो. येथेच खरा घात होतो. पाय उचलताच वजन पुढे सरकते, मागच्या टायरांवरचा भार हलका होतो, इंजिनाचा रोध नेमका त्याच चाकांना मिळतो, आणि मागच्या सस्पेन्शनची रचना अशी की गाडीचा पार्श्वभाग वर उचलला गेला की चाकांची दिशा किंचित बाहेरच्या बाजूस वळते. मागे लटकलेले इंजिन लंबकासारखे बाहेर झोके घेते आणि गाडी गरकन फिरते. म्हणजे पहिली चूक गाडी करवून घेते आणि ती सुधारण्याचा सर्वांत स्वाभाविक उपाय हीच दुसरी चूक ठरते. माझ्या मते या टोपणनावाचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे.

नंतरच्या मॉडेलला म्हणूनच चार प्रश्न विचारावेत. पाय दाबणे आणि ताकद येणे यांत किती वेळ जातो? ती ताकद दोन चाकांना मिळते की चारही? वळणात पाय उचलला तर मागचे सस्पेन्शन साथ देते की दगा? आणि चूक झालीच तर सावरणारे एखादे यंत्र आहे का? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वाईट आणि चौथ्याचे ‘नाही’ असेल, तरच नाव पुरेपूर शोभते.

१९७८ च्या मॉडेलपासून आलेल्या ३.३ लिटरच्या ९३० ला ३०० अश्वशक्ती, इंटरकूलर (टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारे यंत्र) आणि ९१७ या शर्यतीच्या गाडीवरून घेतलेले ब्रेक मिळाले. ब्रेक उत्तम झाले, पण वळणातील स्वभाव तोच राहिला. शिवाय पाचवा गिअर येण्यासाठी थेट १९८९ उजाडावे लागले. त्यानंतरच्या पिढीची ९६४ टर्बो दिसायला सौम्य असली तरी तिला मी हे नाव नाकारणार नाही. एबीएस आणि पॉवर स्टिअरिंग आले, पण टर्बो एकच, ताकद मागच्याच चाकांना आणि १९९३ च्या ३.६ लिटरच्या आवृत्तीत ती ३६० अश्वशक्तीपर्यंत पोहोचलेली.

खरी रेषा १९९५ साली ९९३ टर्बोने ओढली. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान, ताकद चारही चाकांना आणि मागे बहुदांडी सस्पेन्शन: चारपैकी तीन प्रश्न एकाच गाडीने निकालात काढले. २००० सालच्या ९९६ टर्बोत गाडी घसरू लागताच एकेक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून तिला सरळ करणारी प्रणाली आली आणि चौथाही प्रश्न सुटला. तेव्हापासून साध्या टर्बो मॉडेलला हे नाव लावणे म्हणजे पणजोबांच्या पराक्रमावर पणतूने मिशीला पीळ देण्यासारखे आहे. २०२० ची टर्बो एस ६५० अश्वशक्तीची आहे, मूळ गाडीच्या अडीचपट, तरीही पावसात ती ९३० पेक्षा कितीतरी भरवशाची ठरेल.

घराण्याचा वारसा दुसऱ्या शाखेकडे, म्हणजे जीटी२ या टर्बोच्या शर्यतीकडे झुकलेल्या आवृत्तीकडे गेला, आणि येथे थोडे थांबून पाहावे. ९९३ जीटी२ मध्ये टर्बोचेच इंजिन ४३० अश्वशक्तीपर्यंत वाढवले, पण पुढच्या चाकांना जाणारी ताकद काढून टाकली. २००१ च्या ९९६ जीटी२ ने तर ४६२ अश्वशक्ती केवळ मागच्या चाकांना दिली आणि सावरणारी प्रणाली बसवलीच नाही. कारखान्याने हे जाणूनबुजून केले होते. सस्पेन्शन सुधारलेले असल्याने ती ९३० सारखी दगाबाज नाही, तरी चूक झाल्यावर तिच्यात चालक एकटा असतो. कसोटीला ती तंतोतंत उतरत नसली, तरी या गाडीला नाव बरेचसे शोभते. २००७ च्या ९९७ जीटी२ मध्ये ती प्रणाली आली, तीही इच्छेनुसार बंद करता येणारी, त्यामुळे तेथे नाव गाडीला नव्हे तर बटण दाबणाऱ्याला द्यावे लागेल. २०१० ची जीटी२ आरएस, ६२० अश्वशक्ती आणि हाताने बदलायचे गिअर, ही मला काठावरची वाटते. २०१७ च्या ७०० अश्वशक्तीच्या जीटी२ आरएसने जर्मनीतील नूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गाचा फेरा ६ मिनिटे ४७.३ सेकंदांत पूर्ण केला. दोन क्लचचा आपोआप बदलणारा गिअरबॉक्स आणि वळणारी मागची चाके असलेली ही गाडी भीतिदायक वेगवान आहे, पण विश्वासघातकी नाही. या दोन गुणांची गल्लत करू नये.

जुनी गाडी प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली, तर कागदावरचा निकाल तिच्यावर ताडून घ्यावा. तिचा मूळ टर्बोचार्जर बदलून नव्या पद्धतीचा, लवकर फिरू लागणारा बसवला आहे का, हे आधी विचारावे, कारण तसे असल्यास आपण मूळ स्वभावाची नव्हे, दुरुस्त केलेल्या स्वभावाची गाडी पाहत असतो. मालकाची परवानगी घेऊन, मोकळ्या आणि सरळ रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे दोन हजार फेऱ्यांवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि पाठीला धक्का जाणवेपर्यंत मनात आकडे मोजावेत. वळणात पाय उचलून पाहण्याचा प्रयोग सार्वजनिक रस्त्यावर कदापि करू नये. तो बंद ट्रॅकवर, जाणत्या प्रशिक्षकाच्या शेजारी बसूनच करावा.

चाचणीपूर्वी टायरच्या बाजूवरील चार अंक वाचावेत. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. संग्रहातील गाड्या फार चालत नाहीत, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर मात्र कडक झालेले असते. तशा टायरांवर ९९३ टर्बोसुद्धा ९३० सारखी वागू शकते आणि मग दोष गाडीच्या माथी मारला जातो. अंक सहा-सात वर्षांपूर्वीचे निघाले, तर टायर बदलेपर्यंत चाचणी पुढे ढकलावी.