छतावरच्या सोलरचं अनुदान अडू नये म्हणून

सोलरचं अनुदान अडतं तेव्हा चूक बहुतेक वेळा पॅनेल बसण्याआधीच झालेली असते. वीजबिल एकाच्या नावावर आणि बँक खातं दुसऱ्याच्या, स्वस्त पडले म्हणून घेतलेले आयात पॅनेल, किंवा पॅनेलच्या मानाने लहान इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र). सामान गच्चीवर चढल्यावर या चुका निस्तरणं फार महागात जातं, म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी कागद, मग पॅनेल.

प्रधानमंत्री सूर्य घर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. घरगुती ग्राहकाला पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला 30,000 रुपये मिळतात, तिसऱ्या किलोवॉटला 18,000. म्हणजे 1 किलोवॉटला 30,000, दोनला 60,000 आणि तीनला 78,000. संच पाच किलोवॉटचा बसवला तरी अनुदान 78,000 च. गृहनिर्माण संस्थेला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी दर किलोवॉटला 18,000 रुपये आहेत. महाराष्ट्रात याशिवाय राज्याची 'स्मार्ट' योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या, तसंच महिन्याला 100 युनिटच्या आत वापर असलेल्या इतर घरांना 1 किलोवॉटच्या संचासाठी केंद्राच्या 30,000 वर राज्याचीही भर मिळते: दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला 17,500, बाकीच्यांत सर्वसाधारण गटाला 10,000, अनुसूचित जाती-जमातींना 15,000. वापर कमी असेल तर आधी हीच योजना पाहा.

किती किलोवॉट लागतील हे व्हेंडरला विचारू नका, मागच्या बारा महिन्यांच्या बिलांना विचारा. आपल्याकडे 1 किलोवॉट दिवसाला साधारण 4 युनिट, महिन्याला 120 च्या आसपास देतो. पावसाळ्यात त्याहून कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. वर्षाची एकूण युनिटं बाराने भागा आणि आलेला आकडा 120 ने. सरासरी 240 युनिट असेल तर 2 किलोवॉट पुरे. 3 किलोवॉटच्या पुढे जाताना जास्तीचा प्रत्येक रुपया स्वतःच्या खिशातला आहे, हे लक्षात ठेवूनच ठरवा.

जागा दर किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट, आणि तीही बिनसावलीची. पॅनेल एकामागे एक मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी साऱ्या ओळीला फटका बसू शकतो. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीचे फोटो काढून ठेवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावल्या लांबतात, हेही हिशेबात धरा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं.

आता कागद. सर्वात आधी वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे ते बघा. कित्येक घरांत बिल अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाने येतं. तसं असेल तर अर्जाआधी नावबदल करून घ्या. बिल, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. थकबाकी असेल तर भरून टाका. याच घरावर पूर्वी सोलर पॅनेलचं अनुदान घेतलेलं असेल तर पुन्हा मिळत नाही.

मग योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक आणि मोबाइल टाकून नोंदणी करा. महावितरणचा क्रमांक बारा आकडी असतो, बिलावरून जसाच्या तसा उतरवा. 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची वाट पाहावी लागत नाही, तो मंजूर धरला जातो. मंजूर भार (जोडणीला मंजूर असलेली किलोवॉटची मर्यादा, ती बिलावर असते) कमी पडत असेल तर तो वाढवण्याचं काम वीज कंपनीचं आहे. अर्ज स्वतः भरा, निदान ओटीपी तरी स्वतःच टाका आणि कोणालाही सांगू नका.

व्हेंडर पोर्टलवरच्या यादीतलाच हवा, नाहीतर अनुदान विसरा. किमान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्या आणि त्यात या गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: पॅनेल डीसीआर, म्हणजे सेल आणि त्यांचं मिळून झालेलं मॉड्यूल (पॅनेल) दोन्ही भारतात बनलेले, पॅनेलची संख्या आणि प्रत्येकाचं वॉटेज, इन्व्हर्टरची क्षमता, गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर, एसीडीबी आणि डीसीडीबी (एसी आणि डीसी बाजूच्या वीज वितरणाच्या पेट्या) सर्ज प्रोटेक्शनसकट, म्हणजे अचानक वाढलेल्या दाबापासून संरक्षणासकट, पाच वर्षांची देखभाल. अर्थिंग तीन आणि वेगवेगळी: वीजरोधकाची (आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याची), डीसी बाजूची, एसी बाजूची. खर्च वाचवायला तिन्ही एकाच खड्ड्यात उतरवली जातात. मग वीज पडली की तो झटका थेट इन्व्हर्टरकडे जाऊ शकतो. यावर तडजोड करू नका.

इन्व्हर्टरचा मुद्दा नीट समजून घ्या. अनुदान मोजताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता यांतली जी कमी ती धरतात. 540 वॉटचे सहा पॅनेल म्हणजे 3.24 किलोवॉट, पण त्यांना 2 किलोवॉटचा इन्व्हर्टर जोडला तर अनुदान 60,000 च येईल. 18,000 रुपये तिथेच गेले.

साधारणपणे व्हेंडरला पूर्ण रक्कम आपण द्यायची असते आणि अनुदान नंतर आपल्या खात्यात येतं. एकरकमी जमत नसेल तर सरकारी कर्जयोजनांच्या जनसमर्थ पोर्टलवरून 3 किलोवॉटपर्यंत 2 लाखांपर्यंतचं विनातारण कर्ज मिळू शकतं. व्हेंडरला हप्त्याने पैसे द्या, आणि शेवटचा हप्ता नेट मीटर (वीज कंपनीकडून घेतलेली आणि तिला दिलेली वीज मोजणारं मीटर) बसेपर्यंत हातात ठेवा. पैसे संपले की कागदांसाठी व्हेंडरच्या मागे धावणं आपल्या वाट्याला येतं.

पॅनेल बसताना प्रत्येकाचा सिरियल नंबर फोटोत घ्या आणि डीसीआर प्रमाणपत्रावरच्या नंबरांशी ताडून पाहा. एक नंबर चुकला तरी तपासणीत अडकायला होतं. संच उभा राहिला की त्याचा तपशील आणि फोटो पोर्टलवर चढतात, नेट मीटरचा अर्ज जातो, वीज कंपनीचे लोक तपासणी करतात आणि संच सुरू झाल्याचं, म्हणजे कार्यान्वयन प्रमाणपत्र तयार होतं.

इथेच बरेच जण थांबतात आणि अनुदानाची वाट बघत बसतात. पण प्रमाणपत्रानंतर आपणच पोर्टलवर जाऊन बँक तपशील आणि रद्द केलेला चेक टाकून अनुदानाची मागणी नोंदवायची असते. ती नोंदली की साधारण 30 दिवसांत पैसे यायला हवेत. न आल्यास अर्जाची स्थिती उघडून शेरा वाचा. खात्यावरचं नाव किंवा आयएफएससी जुळत नाही, असाच बहुधा असतो.

नेट मीटरनंतरचं पहिलं बिल हातात आलं की आयात (घेतलेली) आणि निर्यात (दिलेली) युनिटं मीटरवरच्या आकड्यांशी जुळवा. निर्यात शून्य दिसली तर लगेच लेखी तक्रार द्या. उरलेली युनिटं 31 मार्चपर्यंत पुढच्या बिलांत ओढली जातात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. आणि वीज गेली की हा संचही बंद पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर आपल्या गच्चीवरून वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. तो बिघाड समजून व्हेंडरला बोलावू नका.