ॲपचे नाव ठरवताना आणि ‘हा शब्द आमचा’ अशी नोटीस आल्यावर

समजा, घरगुती जेवणाचे डबे कार्यालयांत पोहोचवणारे ॲप तुम्हाला मुंबईत सुरू करायचे आहे आणि त्याला ‘डबा’ हेच नाव द्यावे असे तुमच्या मनात आहे. नाव सुटसुटीत आहे, मुंबईकराला ते समजावून सांगावे लागत नाही, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे. डबा भरणारी, पोहोचवणारा आणि खाणारा असे सगळेच जो शब्द रोज वापरतात, तो एकाच व्यावसायिकाच्या मालकीचा कायदा होऊ देत नाही. त्यामुळे उद्या दुसऱ्या कोणी मिळतेजुळते नाव घेतले तर त्याला अडवण्याचे साधन तुमच्या हाती उरत नाही. याची दुसरी बाजूही आहे. एखादी मोठी कंपनी वकिलाकरवी ‘डबा हा शब्द आमचा आहे, तुमचे ॲप बंद करा’ असे कळवील, तेव्हा ते पत्र खरे मानण्यापूर्वी काय तपासायचे हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे.

नावाची पहिली परीक्षा शाळेतल्या व्याकरणाने घेता येते. सुचलेला शब्द तुमच्या धंद्यापुरता सामान्यनाम आहे, विशेषण आहे की विशेषनाम, हे स्वतःला विचारावे. व्यापारचिन्ह (ट्रेडमार्क) कायदा, १९९९ याचे कलम ९ वेगळ्या भाषेत हेच विचारते: माल किंवा सेवा यांचा प्रकार, दर्जा, उपयोग एवढेच सांगणारे, किंवा त्या व्यवसायात रुळून गेलेले शब्द नोंदवता येत नाहीत. परीक्षा एकट्या शब्दाची नसून शब्द आणि धंदा यांच्या जोडीची असते, हे मात्र विसरू नये. ‘ॲपल’ हे क्रॉफर्ड मार्केटातल्या फळवाल्याच्या दृष्टीने सामान्यनाम आहे, संगणक विकणाऱ्याच्या हाती ते विशेषनाम होते. मधली एक जागा सूचक नावांची आहे. ती धंद्याकडे बोट दाखवतात पण त्याचे वर्णन करत नाहीत, आणि माझ्या मते नव्या व्यावसायिकाने तिथेच घुटमळावे, कारण शुद्ध कल्पित नाव लोकांच्या जिभेवर बसवायला जाहिरातीचा खर्च फार येतो.

सामान्यनामाला मुरड घालून विशेषनाम बनवण्याच्या काही युक्त्या प्रचलित आहेत. त्या बहुधा फसतात. पहिली युक्ती स्पेलिंग बदलण्याची. ‘फोनपे’ने ‘भारतपे’विरुद्ध दाद मागितली तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये अंतरिम मनाई, म्हणजे निकाल लागेपर्यंतची तात्पुरती बंदी, नाकारली; नोंदणी संपूर्ण नावाची आहे, त्यातल्या शेपटाची नाही, आणि ‘पे’ म्हणजे पैसे देणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचेच वेगळे लेखन आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता. दोन्ही कंपन्यांनी मे २०२४ मध्ये समझोता करून हा वाद मिटवला. त्याआधी, १९९४ मध्ये, ‘मायक्रोनिक्स’ आणि ‘मायक्रोटेल’ यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की, ‘मायक्रो’ हा शब्द तंत्रज्ञानाचे वर्णन करतो, त्यावर कोणाचीही मक्तेदारी असू शकत नाही. दुसरी युक्ती आकड्यांची: इंटेलला ‘३८६’ हा आकडा आपलाच राखता आला नाही, १९९१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने तो सर्वांना मोकळा ठरवला, आणि पुढच्या पिढीच्या चिपला ‘५८६’ ऐवजी ‘पेंटियम’ हे नाव मिळाले. तिसरी युक्ती आपल्या भाषेतला शब्द घेण्याची. इंग्रजी शब्द सामान्य असला तरी मराठी किंवा हिंदी प्रतिशब्द आपला होईल, ही समजूत चुकीची आहे, कारण ग्राहक ज्या भाषेत व्यवहार करतो त्या भाषेतले सामान्यनामही सामान्यनामच असते.

या शेवटच्या मुद्द्यावर मुंबईतलाच दाखला आहे. ‘शादी डॉट कॉम’ चालवणाऱ्या कंपनीने ‘सेकंडशादी डॉट कॉम’विरुद्ध दावा केला, तेव्हा २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘शादी’ हा शब्द या व्यवसायाचे वर्णन करणारा असल्याचे सांगून मनाई नाकारली. मात्र याच कंपनीला २०१४ मध्ये ‘शादीहीशादी डॉट कॉम’विरुद्ध त्याच न्यायमूर्तींकडून दिलासा मिळाला होता, कारण समोरच्याने आपल्या संकेतस्थळाच्या मेटाटॅगमध्ये, म्हणजे वाचकाला न दिसणाऱ्या पण शोधयंत्रांसाठी लिहिलेल्या मजकुरात, तिचे नाव पेरून तिच्याकडे येणारे ग्राहक वळवले होते. दिल्लीतही २००२ मध्ये ‘नौकरी डॉट कॉम’ला एका अक्षराच्या फरकाने तेच नाव घेणाऱ्याविरुद्ध मनाई हुकूम मिळाला. तेव्हा शब्द सर्वांचा असला तरी दुसऱ्याचे गिऱ्हाईक फसवून पळवण्याची मुभा कोणालाच नाही, आणि सामान्य शब्दांच्या वादात निकाल अनेकदा शब्दापेक्षा वागणुकीवर फिरतो. तुम्ही सामान्य शब्द वापरणार असाल तर रंग, लोगो, अक्षरांचे वळण आणि जाहिरातीतले की-वर्ड या सगळ्यांत समोरच्यापासून लांब राहा.

मोठ्या कंपन्याही याच खड्ड्यात पडतात. ॲपलने २००८ मध्ये ‘ॲप स्टोअर’साठी अर्ज केला, मायक्रोसॉफ्टने त्याला विरोध केला, मार्च २०११ मध्ये ॲपलने ॲमेझॉनवर दावा लावला, जुलैत अंतरिम मनाई नाकारली गेली आणि २०१३ मध्ये ॲपलने दावा सोडून दिला. (‘विंडोज’ हा आपला शब्द आहे असे सांगत ‘लिंडोज’ नावाची संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपनीशी भांडलेल्या आणि अखेर २००४ मध्ये नाव बदलून घेण्यासाठी त्याच कंपनीला दोन कोटी डॉलर दिलेल्या मायक्रोसॉफ्टने सामान्यनामाची बाजू घ्यावी, यातली गंमत ॲपलच्या वकिलांनीही सोडली नव्हती.) ओपनएआयचा ‘जीपीटी’साठीचा अर्जही अमेरिकेच्या ट्रेडमार्क कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्णनात्मक म्हणून फेटाळला. अपवाद आहे तो ‘बुकिंग डॉट कॉम’चा: २०२० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते नाव नोंदणीयोग्य मानले, पण ग्राहकांपैकी सुमारे ७५ टक्के लोक ते ब्रँड म्हणून ओळखतात हे पाहणीने दाखवल्यावर. आपल्या कायद्यातही दीर्घ वापराने ओळख मिळालेल्या शब्दाला सवलत आहे. परंतु तेवढा पुरावा दोन वर्षांच्या ॲपकडे कुठून येणार?

नाव सुचल्यावर लगेच डोमेन विकत घेऊ नका, आधी शोध घ्या. भारत सरकारच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध विनामूल्य आहे. तिथे शब्दाने शोधून थांबू नये, उच्चाराने शोधण्याचा पर्यायही वापरावा आणि एकाच नावाची ‘डबा’, ‘डब्बा’, ‘डाबा’ अशी सगळी इंग्रजी स्पेलिंगे तपासावीत. नोंदणीसाठी माल आणि सेवा यांचे वर्ग पाडलेले आहेत: डाउनलोड होणारे सॉफ्टवेअर वर्ग ९ मध्ये येते, सॉफ्टवेअर सेवा ४२ मध्ये, पोहोचवण्याची सेवा ३९ मध्ये आणि जेवण पुरवणे ४३ मध्ये. एकूण ४५ वर्गांपैकी किमान एवढे पाहावेत. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये आहे. ट्रेडमार्क नोंदणीचे मुंबईतले कार्यालय अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात असले तरी आता अर्जासाठी तिथे खेटे घालावे लागत नाहीत. अर्ज तपासून कार्यालय जो परीक्षण अहवाल पाठवते त्यात हरकत आली तर एका महिन्यात उत्तर द्यावे लागते, ही मुदत मात्र चुकवू नये.

आता नोटिशीकडे वळू. पत्र हातात पडताच ॲपचे नाव बदलू नका आणि रागाच्या भरात समाजमाध्यमांवरही काही लिहू नका. पत्रातला अर्ज क्रमांक त्याच सार्वजनिक शोधात घालून पाहा. चिन्हाची नोंदणी झाली आहे की अर्ज नुसता प्रलंबित आहे, नोंदणी कोणत्या वर्गात आहे, आणि ती शब्दाची आहे की लोगोची, या तीन गोष्टी तिथेच कळतात. नावाशेजारचे ‘टीएम’ हे अक्षरचिन्ह कोणीही लावू शकतो, वर्तुळातले ‘आर’ फक्त नोंदणी झाल्यावर लावता येते. सामान्य शब्द रंगीत चित्रात बसवून लोगो म्हणून नोंदवणे आणि मग जणू शब्दच आपला झाला अशा थाटात नोटिसा पाठवणे हा प्रकार फार आढळतो. कलम १७ अशा वेळी उपयोगी पडते: संपूर्ण चिन्हाची नोंदणी झाली म्हणून त्याच्या एखाद्या भागावर, विशेषतः तो भाग व्यवसायात सर्रास वापरला जात असेल तर, स्वतंत्र हक्क मिळत नाही. मालाचे किंवा सेवेचे प्रामाणिक वर्णन करण्यासाठी केलेला वापर कलम ३० आणि ३५ यांनी संरक्षित आहे.

उत्तर वकिलाकडूनच पाठवावे, ते थोडक्यात असावे आणि त्याला पुरावा जोडावा: तुमच्या पहिल्या बिलाची तारीख, ॲप उपलब्ध झाल्याचा दिवस, आणि तोच शब्द या व्यवसायात इतर किती जण वापरतात याचे तारखांसह स्क्रीनशॉट. समोरचा तुमचे म्हणणे न ऐकताच अंतरिम मनाई मिळवील अशी शंका असेल, तर ज्या न्यायालयात तो जाण्याची शक्यता आहे तिथे कॅव्हेट, म्हणजे ‘आमचे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये’ असा अर्ज, दाखल करून ठेवा. ते ९० दिवस टिकते. शोधातून त्यांची नोंदणी खरोखर तुमच्याच वर्गातली, शब्दाची आणि तुमच्या वापराच्या आधीची निघाली, तर नाव बदलणेच शहाणपणाचे, आणि ते ॲपचे पाचशे ग्राहक असताना करावे, पन्नास हजार झाल्यावर नव्हे.

दुसरा कोणी तुमच्या धंद्याचा सामान्य शब्द नोंदवू पाहत असेल, तर नोटिशीची वाट पाहत बसण्याची गरज नाही. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी प्रसिद्ध होते आणि त्यात अर्जाची जाहिरात आल्यापासून चार महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गामागे २,७०० रुपये आहे, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. विरोधाची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत अर्जदाराने उत्तर दाखल केले नाही, तर त्याने अर्ज सोडून दिला असे मानले जाते.