ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरायला सोपे करताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या शेतकरी गटाच्या नोंदी एका लहानशा ओपन सोर्स (ज्याचा कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा) अ‍ॅपमध्ये ठेवल्या जातात आणि त्याचे कोड सांभाळण्याचे काम मी व माझे दोन मित्र फावल्या वेळात करतो. या कामात झालेली सर्वांत मोठी चूक अशी की, वापरणारा अडखळला म्हणजे त्याला प्रशिक्षण कमी पडले, असे आम्ही दोन हंगाम समजत राहिलो.

नोंदी करणाऱ्या ताई सातबारा समोर ठेवून ‘क्षेत्र’ या रकान्यात ०.८१ असा आकडा भरत, कारण सातबाऱ्यावर तोच छापलेला असतो. आमचा रकाना मात्र एकराचा होता, त्यामुळे दोन एकरांचे शेत अ‍ॅपमध्ये एकरापेक्षाही कमी भरू लागले. आम्ही लाल अक्षरांत सूचना वाढवली, पण तिचा काही उपयोग झाला नाही. शेवटी हेक्टर आणि आर असे दोन रकाने सातबाऱ्याच्याच क्रमाने मांडले आणि खाली ‘म्हणजे सुमारे २ एकर’ असे आपोआप दिसू लागले, तेव्हा चूक थांबली. वापरणाऱ्याच्या हातात जो कागद असतो, त्याच्याशी पडदा जुळला पाहिजे.

दुसरी चूक न पाहताच दुरुस्ती करण्याची. चाचणीसाठी मोठी यंत्रणा लागत नाही; पाच जणांच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, असा हिशेब वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडला होता. ‘हे बटण दाबा’ असे न सांगता ‘कालच्या कापसाचे वजन चढवा’ एवढेच काम द्यावे, फोनला हात लावू नये आणि बोट कुठे थांबते ते वहीत टिपावे. गप्प बसणे हाच यातला कठीण भाग आहे.

मराठीपुरते दोन बिघाड हमखास आढळतात. ‘वऱ्हाडे’ हे आडनाव यादीत डोळ्यांना दिसते, पण शोधल्यावर सापडत नाही. कारण हा अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात, तर काही ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. संगणकातील अक्षरांचे प्रमाण असलेल्या युनिकोडचे नेहमीचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) या दोहोंना एक करत नाही, म्हणून साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी स्वतंत्रपणे एकच रूप करून घ्यावे लागते. देवनागरी अंक भरल्यावर ‘चुकीची नोंद’ असा संदेश येत असेल, तर ते अंक आतल्या आत बदलून घ्यावेत. वापरणाऱ्याला दोष देऊ नये.

कोणत्याही मतभेदावर ‘एक सेटिंग वाढवू’ हा उपाय सोपा वाटतो, पण त्यामुळे निर्णयाचा भार नवख्यावर पडतो. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे बनवण्याच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरने २०१९ च्या २.८० आवृत्तीत वस्तू निवडण्यासाठी माऊसचे डावे बटण मूळ पर्याय केले आणि उजव्या बटणाची जुनी सवय असलेल्यांसाठी ती सोय सेटिंगमध्ये ठेवली. हा क्रम मला योग्य वाटतो. बदलाची वेळही पाहावी: सीतादही (कापूस वेचणीपूर्वीची शेतातली पूजा) होऊन वेचणी सुरू झाल्यावर बटणांच्या जागा हलवणारी आवृत्ती गावात पाठवू नये.

तक्रार इंग्रजीत आणि ठरलेल्या नमुन्यातच हवी, हा हट्ट तर सोडलाच पाहिजे. ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला आवाज आणि पडद्याचा फोटो पुरेसा आहे. काय करायचे होते, काय झाले, फोन कोणता आणि आवृत्ती कोणती, हे विचारून इश्यू (प्रकल्पाच्या यादीतील तक्रारीची नोंद) आपण लिहावा. ‘आमच्याकडे असे होत नाही’ म्हणून तो बंद करण्यापूर्वी त्यांच्याच फोनवर, तिथल्याच नेटवर्कवर एकदा करून पाहावे. आमच्याकडे ‘पाठवा’ दाबल्यावर काहीच होत नसल्याची तक्रार अशीच उलगडली: नोंद फोनमध्ये साठत होती, पण रेंज येईपर्यंत पडद्यावर एक अक्षरही उमटत नव्हते, म्हणून त्या तेच बटण चार-चार वेळा दाबत होत्या. आता तिथे ‘फोनमध्ये जपली आहे, रेंज आल्यावर जाईल’ असे दिसते.