उतारा कळतो, तरी उत्तर चुकतं: इंग्रजी आकलनाचा सराव कसा करावा

सांगलीत विश्रामबागेत माझ्याकडे संध्याकाळी प्रवेश परीक्षांच्या इंग्रजीसाठी अकरावी-बारावीची मुलं येतात. बहुतेक मराठी माध्यमातली, तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून एसटीनं येणारी. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या सॅकमध्ये शब्दांच्या यादीची जाडजूड झेरॉक्स असते, आणि प्रत्येकाला कुणीतरी सांगितलेलं असतं, 'रोज इंग्रजी पेपर वाच, आपोआप येईल.' आपोआप काही येत नाही. पेपर वाचल्यानं पेपर वाचायची सवय लागते. ती चांगलीच आहे, पण परीक्षेत मार्क मिळतात ते चार पर्यायांतला एक निवडल्याचे. त्या निवडीचा सराव फारसा कुणी करत नाही.

परीक्षा कोणती ते आधी बघा

'एंट्रन्सचं इंग्रजी' नावाची एकच गोष्ट नसते. सीयूईटीच्या, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेश परीक्षेच्या, भाषेच्या पेपरात सध्या 50 प्रश्न आणि 60 मिनिटं, सगळे प्रश्न सोडवायचे, बरोबरला 5 गुण आणि चुकीला वजा 1. उतारे माहितीपर, साहित्यिक आणि कथनात्मक असे तिन्ही प्रकारचे. क्लॅटमध्ये, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेत, सगळा पेपरच उताऱ्यांचा: 120 प्रश्न, 120 मिनिटं, इंग्रजीचा एकेक उतारा साधारण 450 शब्दांचा, चुकीला पाव गुण वजा. एनडीएच्या, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी प्रशिक्षणाच्या प्रवेश परीक्षेच्या, सामान्य क्षमता पेपरात 600 पैकी 200 गुण इंग्रजीचे, पण तिथे व्याकरण आणि शब्दही असतात. राज्याच्या बीबीए-बीसीए सीईटीत 100 पैकी 40 प्रश्न इंग्रजीचे आणि निगेटिव्ह मार्किंग नाही.

उतारे कुठून घ्यायचे? तुमच्याच परीक्षेच्या मागच्या प्रश्नपत्रिकांतून. संपले की सीबीएसई बारावीच्या प्रश्नपत्रिकांतले न पाहिलेले उतारे घ्या. गाइड नको. गाइडमध्ये चुकीचे पर्याय इतके उघडउघड चुकीचे असतात की खोटा आत्मविश्वास येतो.

वाचताना

रोज दोन उतारे. दहा नाही. पहिले तीन आठवडे घड्याळ लावायचं नाही.

आधी उतारा, मग प्रश्न. उलट करा असं सांगणारे खूप भेटतील. उलट केलं की तुम्ही उतारा वाचत नाही, उताऱ्यात शब्द शोधत बसता.

लांब वाक्यात अडकलात तर आधी क्रियापद शोधा. मराठीत ते शेवटी येतं, म्हणून आपण नकळत वाक्याच्या टोकापर्यंत थांबून राहतो. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येऊन गेलेलं असतं आणि नंतर नुसती शेपटी चालू असते. अनोळखी शब्द आला तर पुढे जा. पण ओळखीचे छोटे शब्द सोडू नका. 'हाउएव्हर', 'येट', 'ऑलदो' आणि 'अनलेस' दिसले की पेन्सिल टेकवायची. 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच आणि 'अ फ्यू' म्हणजे काही आहेत, एवढ्या एका 'अ'वर प्रश्न बेतलेला असतो. 'हार्डली'च्या आजच्या अर्थाचा 'हार्ड'शी काही संबंध नाही. तो शब्द म्हणजे नकारच, फक्त जरा सभ्य कपड्यांतला.

दोन पर्याय उरतात तिथे

आता मुख्य गोष्ट. मी बारावीत असताना एका क्लासच्या सराव परीक्षेत दहापैकी चार आले. उताऱ्यातला एकही शब्द अडला नव्हता. सरांनी सांगितलं, 'व्होकॅब्युलरी वाढव.' मी दोन महिने शब्द पाठ केले आणि पुन्हा चारच आले. वैतागून मी तो उतारा आणि त्याचे प्रश्न घरी मराठीत आत्याला वाचून दाखवले. आत्या सातवी शिकलेली. तिची आठ बरोबर आली. मी माझं एक उत्तर सांगितलं की ती दरवेळी एकच विचारायची, 'ह्यात कुठं लिवलंय तसं?' मला दाखवता येईना.

माझं इंग्रजी कच्चं नव्हतं, माझी निवड कच्ची होती. म्हणून आता मी नव्या मुलांना पहिला उतारा मराठीतच देते. तोंडं वाकडी होतात. मग निम्म्यांचं उत्तर चुकतं आणि वर्ग गप्प होतो. त्यातला हा एक, मीच रचलेला (पेव म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार):

'आजोबा हरिपूरच्या पेवात हळद ठेवायचे. 2005 च्या पुरात पेवात पाणी शिरलं आणि पुढच्या वर्षी आजोबांनी गोदाम भाड्यानं घेतलं. पुरानं आमचं पेव संपवलं, असं घरात सगळे म्हणतात. आजोबा मात्र पुराच्या दोन वर्षं आधीपासूनच गोदामांची चौकशी करत होते. पेवात उतरायला माणसं मिळेनाशी झाली होती.'

प्रश्न: लेखकाला मुख्यतः काय म्हणायचं आहे? पर्याय असे. एक, पुरामुळे हरिपूरची सगळी पेवं नष्ट झाली. दोन, पेवात हळद दीर्घकाळ टिकते. तीन, आजोबांनी पेव सोडण्यामागे पूर हे एकच कारण नव्हतं. चार, पुरानंतर आजोबांनी गोदाम भाड्यानं घेतलं.

गंमत अशी की दुसरा पर्याय हमखास निवडतात ती हळदीचा व्यवसाय असलेल्या घरची मुलं. 'पण मॅडम, टिकतेच की!' टिकते ना. पण बोट ठेवून दाखव, उताऱ्यात कुठल्या ओळीत आहे? नाही. तुम्हाला बाहेरून जे माहीत आहे ते परीक्षेच्या तासाभरापुरतं विसरायचं. ज्या विषयातलं तुम्हाला जास्त कळतं, त्याच विषयाच्या उताऱ्यात जास्त सावध राहायचं. विज्ञान शाखेची मुलं पर्यावरणाच्या उताऱ्यावर अशीच आपटतात.

पहिला पर्याय 'सगळी' या एका शब्दानं मेला. उताऱ्यात एका पेवाची गोष्ट आहे, पर्यायानं अख्खं हरिपूर बुडवलं. इंग्रजीत 'ऑल', 'ऑलवेज', 'ओन्ली', 'नेव्हर' दिसले की तेवढ्याच ताकदीचं वाक्य उताऱ्यात आहे का ते बघा. असलं तर पर्याय टिकतो. ते शब्द दिसले की पर्याय डोळे झाकून खोडा, असं सांगणारे महाभाग आहेत. त्यांचं ऐकू नका.

चौथा पर्याय सगळ्यात लबाड. तो खरा आहे, उताऱ्यात आहे, शब्दही तेच आहेत. फक्त प्रश्न तो नव्हता. ही खोड आपल्याला बोर्डानं लावली आहे. तिथे प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उतरवून काढायचं, गुण मिळतात. इथे उताऱ्यातलेच शब्द घेऊन आलेला पर्याय बरेचदा गळ असतो आणि बरोबर उत्तर वेगळ्याच शब्दांत येतं.

उरला तिसरा, आणि तो 'मात्र'वर उभा आहे. त्या एका शब्दापाशी लेखकानं घरच्यांशी फारकत घेतली. इंग्रजीत तिथे 'हाउएव्हर' असतं.

म्हणून माझी पद्धत अशी. प्रश्न वाचल्यावर पर्याय पोस्टकार्डानं झाका. उत्तर मनात आपल्या शब्दांत मराठीत सांगा, अर्ध्या वाक्यात चालेल. मग कार्ड काढा आणि त्या अर्ध्या वाक्याच्या सगळ्यात जवळचा पर्याय शोधा. दोन उरले तर 'कुठला बरोबर वाटतो' हे विचारायचंच नाही. वाटायला दोन्ही बरोबरच वाटतात, ते लिहिलेतच तसे. 'कुठल्यात एक शब्द जास्तीचा आहे' हे विचारायचं. त्या शब्दासाठी उताऱ्यात बोट टेकवायला जागा सापडली नाही की पर्याय बाद.

सुरुवातीला एका उताऱ्याला याच्यामुळे पाऊण तास लागतो. मुलं कुरकुरतात, कुणाची शेवटची एसटी असते, कुणी भडंगाची पुडी फोडून बसतं. लागू दे वेळ. ही पायरी गाळून पुढे गेलेली मुलं मार्चमध्ये परत येतात.

चुकांची वही

चूक झाली की उत्तरसूचीतलं स्पष्टीकरण लगेच वाचू नका. आधी स्वतः ठरवा की चूक वरच्यापैकी कुठली: पर्याय फुगवलेला होता, माहिती बाहेरची होती, की खरा असूनही प्रश्न तो नव्हता. एका ओळीत वहीत नोंदवा. पंधरा-वीस उतारे झाले की दिसतं, बहुतेकांची एकच चूक पुन्हा पुन्हा येते. पलूसच्या एका मुलीच्या वहीत तेवीसपैकी सोळा नोंदी 'बाहेरची माहिती' अशा होत्या. पोरगी हुशार, वाचन दांडगं, तेच नडत होतं.

घड्याळ आणि स्क्रीन

चौथ्या आठवड्यापासून वेळ लावा. सीयूईटीत एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद येतात, उतारा वाचण्याचा वेळ त्यातच. क्लॅट आणि एनडीए कागदावर होतात, तिथे उताऱ्याखाली रेघा मारता येतात. सीयूईटी आणि राज्याच्या सीईटी संगणकावर. घरी सहा महिने पेन्सिलीनं रेघा मारून सवय झालेला मुलगा तिथे उतारा माउसनं वर-खाली सरकवताना हरवून जातो. तुमची परीक्षा संगणकावर असेल तर दुसऱ्या महिन्यापासून उतारा स्क्रीनवरच वाचा आणि कच्च्या कागदावर प्रत्येक परिच्छेदासाठी फक्त दोन शब्द लिहा. मोबाइलवर नको, त्यावर एका वेळी उताऱ्याचा अर्धा परिच्छेदही दिसत नाही.

अडलं तर सोडायचं की ठोकायचं

'निगेटिव्ह आहे, रिस्क नको' हा सल्ला घरचे फार देतात. गणित करून बघा. सीयूईटीत दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोनांतला एक ठोकला, तर असे दोन प्रश्न मिळून सरासरी एक बरोबर, एक चूक: 5 वजा 1, म्हणजे दोन प्रश्नांत 4 गुण. क्लॅटमध्ये तसेच दोन प्रश्न पाऊण गुण देऊन जातात. एनडीएत चुकीला एकतृतीयांश कापतात, त्यामुळे काहीच बाद करता आलं नसेल तर ठोकून सरासरी हाती शून्य येतं, तिथे सोडा. एक पर्याय जरी पुराव्यानिशी बाद झाला तरी लिहा. आणि बीबीए-बीसीए सीईटीत एकही प्रश्न रिकामा ठेवून आलात तर माझ्याकडे पेढे घेऊन येऊ नका.