जॉबवर्कमधून स्वतःच्या पार्टकडे : उद्यमबागेत नवी शेड घेणाऱ्यांसाठी

बेळगावच्या औद्योगिक वसाहतींत, म्हणजे उद्यमबाग, मच्छे, नावगे किंवा होनग्यात एक-दोन सीएनसी टर्निंग मशीन (संगणकावर चालणारं लेथ) लावून सुरुवात करणारा मुलगा बहुधा आयटीआय किंवा डिप्लोमा करून, काही वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये काढून आलेला असतो. तो जॉबवर्क करतो, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मालावर त्याच्या ड्रॉइंगप्रमाणे मजुरीनं काम. हात तयार असतो, ड्रॉइंग वाचता येतं. तरी पाच वर्षांनी बघावं तर गिऱ्हाईक तेच, पार्ट तोच आणि दर मात्र खाली आलेला. कल्पना सगळ्यांकडे असतात. आपला मशीनचा तास खरा कितीला पडतो हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि म्हणून नव्या कामासाठी वेळही उरत नाही, पैसाही.

तो हिशेब आधी मांडा. समजा मशीन १८ लाखांचं आहे आणि दहा वर्षांत फेडायचं आहे, म्हणजे वर्षाला १.८ लाख. पहिल्या वर्षाचं व्याज १.६ लाख, दोन पाळ्यांचे दोन ऑपरेटर महिना १८ हजारांप्रमाणे ४.३२ लाख, शेडचं भाडं १.२ लाख. एकूण ८.९२ लाख. दोन पाळ्यांचे १४ तास, ३०० दिवस धरले तर ४,२०० तास होतात आणि ताशी २१२ रुपये पडतात. वीज, इन्सर्ट (कापणारी पात), कूलंटचे ८८ मिळवले की बरोबर ३००. बाजारातला दरही तेवढाच, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. पण सेटिंग (नव्या पार्टसाठी मशीन लावून घेणं), कास्टिंगची (ओतीव नगांची) वाट पाहणं, वीज जाणं, ऑपरेटरची सुट्टी हे सगळं वजा केलं तर मशीन ७० टक्केच चालतं. २,९४० तासांवर तोच खर्च ३०३ आणि वर ८८, म्हणजे ३९१. प्रत्येक तासाला ९१ रुपये खिशातून जात असतात. महिनाभर मशीनशेजारी वही ठेवा आणि ऑपरेटरला फक्त बंद पडल्याची वेळ आणि कारण लिहायला सांगा. सर्वांत जास्त वेळ सेटिंगमध्ये जातो असं दिसलं, तर नवीन मशीनचा विचार बाजूला ठेवून सॉफ्ट जॉ आणि फिक्स्चर (पार्ट चटकन आणि नेमका पकडणारी साधनं) करून घ्या. सेटिंग दोन तासांवरून चाळीस मिनिटांवर आलं की नव्या पार्टसाठी लागणारा वेळ तिथूनच निघतो.

पार्ट कुठला करायचा? गिऱ्हाइकानं दिलेल्या ड्रॉइंगवरचा माल बाजारात विकायचा नाही. ते ड्रॉइंग त्याचं आहे, आणि उद्यमबागेत असली गोष्ट आठवड्यात सगळ्यांना कळते. संधी आहे ती दुरुस्तीच्या बाजारात. गळीत हंगामाआधी पावसाळ्यात गुऱ्हाळांचे चरक उघडतात, तेव्हा गिअर, बुश, पुली लागतात. वडगाव, शहापूर, खासबागला यंत्रमाग आहेत. खानापूर, चंदगड, आजऱ्याकडे काजूच्या फॅक्टऱ्या आहेत. गावोगावच्या पिठाच्या गिरण्या तर कायमच्या. या ठिकाणी जाऊन ‘तुम्हाला काय हवंय’ असं विचारू नका. भंगाराचा ढीग दाखवायला सांगा. जो पार्ट ढिगात पुन्हा पुन्हा दिसतो, एकाच जागी तुटलेला किंवा झिजलेला असतो आणि जो आणायला कोल्हापूरला जावं लागतं, तो तुमचा पार्ट. साधारण पाच किलोच्या आतला, एकाच कोअरचा (पोकळीसाठी साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा), दोन सेटिंगमध्ये पुरा होणारा निवडावा. पहिल्याच फटक्यात गिअरबॉक्सचं हाउसिंग करायला जाऊ नये.

सर्वांत जास्त लोक फसतात ते नमुना घेताना. जुना पार्ट झिजलेला असतो. त्याचं माप जसंच्या तसं घेतलं तर झीजसुद्धा ड्रॉइंगमध्ये उतरते. निदान तीन-चार जुने तुकडे मापा, आणि ज्या शाफ्टवर तो बसतो तो शाफ्ट स्वतः मायक्रोमीटरनं मापा. बोअरची (मधल्या भोकाची) फिट शाफ्टवरून ठरवायची.

पॅटर्नमेकरकडे, म्हणजे साचा उठवायचा नमुना (पॅटर्न) बनवणाऱ्याकडे, जाताना तयार माप आणि कास्टिंगचं माप वेगवेगळं लिहून न्या. पुलीचा तयार व्यास २०० मिमी असेल, तर दोन्ही बाजूंना ३ मिमी मशिनिंग धरून कास्टिंग २०६. राखाडी बीड (ग्रे कास्ट आयर्न) गार होताना साधारण १ टक्का आखडतं, म्हणून पॅटर्न २०८. साच्यातून नीट सुटावा म्हणून उभ्या बाजूंना एक ते दोन अंश उतार द्यायचा. सुरुवातीला लाकडी पॅटर्न पुरे. अॅल्युमिनियमची मॅचप्लेट (पॅटर्न बसवलेली पक्की प्लेट) बनवण्याची घाई नको, कारण पहिल्या दोन लॉटमध्ये माप बदलतंच.

जाडीकडे लक्ष द्या. रिब (आधाराची पट्टी) ४ मिमीपेक्षा पातळ ठेवली की तिथलं बीड झटकन थंड होऊन पांढरं आणि कडक होतं, इन्सर्टची धार उडते. मग टर्नर फाउंड्रीला नावं ठेवतो आणि फाउंड्री टर्नरला, आणि दोष असतो ड्रॉइंगमध्ये. जाड हब (बोअरभोवतीचा मधला भाग) आणि पातळ वेब (हबला कडेशी जोडणारी चकती) जिथे मिळतात, तिथे आत पोकळी राहते आणि ती बोअर काढल्यावरच दिसते. तोवर मशिनिंगचे पैसे गेलेले असतात. त्या कोपऱ्यात ५-६ मिमी गोलाई द्या आणि हबवर रायझर (आखडताना बीड पुरवणारा जादा साठा) घ्यायला सांगा. ब्लोहोल (वायूमुळे पडलेली भोकं) आले तर आधी वाळूतली ओल आणि कोअरची वाफ बाहेर जायची वाट तपासा. बेळगावच्या पावसाळ्यात सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइड वायूनं कडक केलेले) रात्रभर ठेवले की ओल धरतात. त्याच दिवशी साच्यात बसवून बीड ओतलेलं बरं.

छोट्या लॉटला फाउंड्रीवाले नाखूश असतात. त्यांचंही चुकत नाही. दहा तुकड्यांसाठी भट्टीचा ग्रेड कोणी बदलणार नाही. म्हणून त्यांच्याकडे रोज जो ग्रेड ओतला जातो, समजा एफजी २६०, तोच आपल्या पार्टला चालेल असं डिझाइन करा, नग न सांगता किती बॉक्स (साच्याच्या पेट्या) ते सांगा आणि पहिल्या लॉटचे पैसे लगेच द्या. पहिले वीस नग काढा. पाच स्वतःच्या खर्चानं चालत्या मशीनवर बसवून द्या, वर तारीख आणि हीट नंबर (भट्टीच्या त्या ओतीचा क्रमांक) पंच करा. हंगाम संपला की तेच पाच परत मागून घेऊन झीज मापा. सोबतची बसवण्याची चिठ्ठी कन्नड आणि मराठी दोन्हींत छापा; रायबाग-गोकाकचा फिटर आणि चंदगडचा फिटर दोघांनाही ती वाचता यायला हवी.

दर ठरवताना तासाचे ते ३९१ रुपये विसरू नका. कास्टिंग, मशिनिंग, पॅटर्नचा हिस्सा आणि निदान ८ टक्के रिजेक्शन धरून मगच नफा लावा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. ती केलेली असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे गिऱ्हाइकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. भांडण काढायची गरज नाही, बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदत छापली तरी पुष्कळ फरक पडतो.

सीमेवरच्या माणसाला दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्यांसाठीची सोपी कर योजना) असाल तर दुसऱ्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल-चंदगडला, माल विकून पाठवता येत नाही. निम्मं गिऱ्हाईक सीमेपलीकडे असेल तर सुरुवातीलाच नियमित नोंदणी घ्या. दुसरं, जॉबवर्कसाठी माल दुसऱ्या राज्यात पाठवताना त्याची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून चार हजारांची कास्टिंग टेम्पोत टाकून आली, तरी चलान आणि ई-वे बिल दोन्ही ड्रायव्हरच्या हातात हवेत, नाहीतर गाडी अडते. ते मालाच्या मालकानं काढायचं, किंवा जॉबवर्कर नोंदणीकृत असेल तर त्यानं. कोण काढणार हे ऑर्डर घेतानाच ठरवा. असा जॉबवर्कचा माल एका वर्षात मालकाकडे परत गेला पाहिजे, म्हणून येणाऱ्या आणि जाणाऱ्या चलानांची वही वेगळी ठेवा आणि उरलेले, फुकट गेलेले नगही तिच्यात वजनासकट लिहा.